काळ्या डोक्याची कोळंबी

(पहाट. बेळगाव, कॅम्पातला मासळी बाजार. बर्फ फोडल्याचा आवाज.)

बेळगावला समुद्र नाही. तरी सकाळी सातच्या सुमाराला कॅम्पात या, गल्लीच्या तोंडाशीच खारा वास येतो. गोव्याचा माल चोर्ला घाट चढून येतो, वेंगुर्ला-मालवणचा आंबोलीवरून, कारवारचा खालच्या अंगानं. रात्रभर बर्फात, खोक्यात, हिंदकळत.

(जवळून: कोळंबीचा ढीग. अंग पांढुरकं, डोकी काळपट.)

"मावशी, डोस्की काळी पडलीत की हो. जुना माल दिसतोय."

"जुना कुठला? कालच उतरलाय होडीतनं. वाटेत बरफ कमी पडला. वास घेऊन बघा की. खरं दाबून चेंगरू नका."

बाहेरगावच्या प्रेक्षकांनी गोंधळू नये. आमच्या भागात 'पण'ला 'खरं' म्हणतात.

तर मावशींचं म्हणणं खरं, दोन्ही अर्थांनी. काळं डोकं म्हणजे कुजलेलं डोकं नव्हे. कुजलं की नाही ते नाक सांगतं. हा काळा रंग ज्या रसायनातून येतो, ते कोळंबी जिवंत असताना तिचा जीव वाचवत होतं.

(पाण्याखाली. कोळंबीच्या कल्ल्यांची हालचाल.)

समुद्राचं एक मिलीलिटर पाणी घ्या. त्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात आणि विषाणू कोटभर. हे पाणी कोळंबीच्या कल्ल्यांतून अखंड वाहतं. आपल्यासारखं केशवाहिन्यांचं बंद जाळं तिला नाही. हृदयातून निघालेलं रक्त थोडं पुढं जाऊन अवयवांच्या भोवती मोकळंच फिरतं. कवचाला भोक पडलं तर आतलं बाहेर आणि बाहेरचं आत यायला वेळ लागत नाही. म्हणून जखम बुजवायची ती लगेच.

तिच्या रक्तपेशींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, झोपलेल्या अवस्थेत भरून ठेवलेलं असतं. बुरशीच्या किंवा जिवाणूच्या भिंतीचा तुकडा दिसला, की रक्तातली काही प्रथिनं तो ओळखतात. मग एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला उठवावं तशी साखळी सुरू होते आणि शेवटी हे विकर जागं होतं. त्यातून तयार होतं मेलॅनिन, काळं आणि चिवट. जंतू त्यात गाडला जातो, भोक बुजतं. मेलॅनिन होता होता जी मधली रसायनं निघतात, ती जंतूला विषासारखी असतात.

घरात याचा नातलग रोज भेटतो. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. रसायनाची रीत तीच.

ती मधली रसायनं कोळंबीच्या स्वतःच्या पेशींनाही मारतात. त्यामुळे जिवंतपणी सगळा कारभार आवरून धरलेला असतो, जखमेपुरता. कोळंबी मेली की आवरणारं कोणी उरत नाही. पेशी फुटतात, विकर मोकळं होतं, हवा लागते. डोक्याच्या भागात पाचक ग्रंथी असते, रक्तही तिथं जास्त, म्हणून काळेपणाची सुरुवात तिथून. बर्फ त्याला संथ करतो, पण संपवत नाही. संपतं ते उकळत्या कालवणात.

(जुन्या काळचा सूक्ष्मदर्शक. पारदर्शक अळी.)

पेशी जंतूवर चालून जातात, हे माणसाला पहिल्यांदा नीट दिसलं तेही समुद्रातल्याच एका बिनकण्याच्या जीवात. साल १८८२, इटलीतलं मेसिना. इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ. घरचे सगळे सर्कस बघायला गेलेले, हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाची अळी काचेसारखी आरपार दिसते. त्यानं बागेतल्या गुलाबाचे काटे आणले आणि अळीच्या अंगात टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी. १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं. सर्कशीला गेला असता तर, असा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

(टिळकवाडी. व्हॅक्सिन डेपोची झाडी, सकाळी फिरायला आलेली माणसं.)

आता थोडं घराजवळ. व्हॅक्सिन डेपोत आज लोक फिरायला येतात, पोरं खेळतात. एके काळी इथं देवीची लस तयार व्हायची, वासरांच्या अंगावर वाढवून. तुमच्या आजीच्या दंडावर रुपयाएवढा वण असेल, तो त्या लशीचा. त्या वणामागचं तत्त्व एवढंच, की आपलं रक्त शत्रूचं तोंड लक्षात ठेवतं आणि त्याच्या मापाची प्रतिपिंडं घडवतं.

कोळंबी, कुर्ली, तिसऱ्या यांच्याकडं प्रतिपिंडं नाहीत. मग लस द्यायची तर कशाच्या भरवशावर? नव्वदीच्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू भारतातल्या कोळंबी-तळ्यांत शिरला, तेव्हा हीच अडचण होती. आठ-दहा दिवसांत अख्खं तळं रिकामं. शेतकऱ्याच्या हाती उरलं ते बीज तपासून सोडणं आणि तळं स्वच्छ राखणं. एकदा बरी झालेली कोळंबी किंवा शिंपली पुढच्या वेळी जरा सावध असते, असं काही प्रयोगांत दिसलंय. त्याला आठवण म्हणायचं की नाही, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

आठवण नसली तरी ओळख दांडगी. २००६ मध्ये जांभळ्या सी अर्चिनचा, म्हणजे त्या काटेरी गोळ्याचा, संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. जंतू ओळखणारी एका प्रकारची प्रथिनं, म्हणजे टोल-सारखे ग्राही (रिसेप्टर), माणसात १० आहेत. त्याच्यात २२२ निघाले.

(निळं रक्त. काचेची नळी.)

आणि एक उपकार, जो आपण रोज घेतो. हॉर्सशू क्रॅब, घोड्याच्या नालेसारखा. नावात खेकडा असला तरी नात्यानं विंचू-कोळ्यांच्या जवळचा. आपल्या कोकण किनाऱ्याचा नव्हे, ओडिशाकडं सापडतो. रक्तात लोहाऐवजी तांबं, म्हणून रक्त निळं. १९५६ साली फ्रेडरिक बँग यांनी अमेरिकेतल्या जातीवर प्रयोग करताना पाहिलं, की काही जिवाणू टोचले तर या रक्ताची अंगातच गुठळी होते. जिवाणू उकळून मारलेले असले तरीही. पुढं या रक्तपेशींच्या अर्कापासून चाचणी तयार झाली. सलाईन, लस, इंजेक्शन यांत जिवाणूंच्या विषाचा अंश राहिलाय का, हे ती सांगते. त्याआधी औषध सशाला टोचून त्याला ताप येतो का, हे बघत बसायचे. आता हाच घटक जनुकतंत्रानं बनवताही येतो, म्हणजे त्या जनावराचं रक्त काढायची गरज कमी होईल.

(पुन्हा बाजार. ऊन वर आलेलं. मावशी कोळंबी सोलताहेत.)

मावशींनी डोकी मोडून बाजूला टाकली, मांजर टपलेलंच होतं. एका कोळंबीच्या पाठीवर, डोक्यापासून लांब, मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. कडा स्पष्ट, बाकी अंग चकचकीत. हा मेल्यानंतरचा नव्हे. कधीतरी काहीतरी टोचलं असेल, तिथली ही जुनी खपली.

"हे असलं चालतंय का, मावशी?"

"कात टाकली असती तर गेलं असतं की तेबी," मावशी म्हणाल्या. अंगठ्यानं कवच सोललं. ठिपका कवचाबरोबर निघून आला. खालचं मांस स्वच्छ.