ऑक्टेव्हिया : भाऊ आणि नवरा यांच्यामध्ये

इ.स.पू. ४०. इटलीच्या ब्रुंडिसियम बंदरात ऑक्टेव्हियन आणि मार्क अँटनी यांचा तह झाला. सीझरच्या खुनानंतर रोमची सत्ता वाटून घेणारे हे दोघे आता एकमेकांवर उठले होते. तह टिकावा म्हणून सोयरीक जमली. अँटनीला देऊ केली ती ऑक्टेव्हियनची सख्खी थोरली बहीण, ऑक्टेव्हिया.

पहिला नवरा मार्सेलस त्याच वर्षी वारला होता. पदरी लहान मुलं. विधवेनं दहा महिने लग्न करू नये असा रोमचा नियम होता, पण सिनेटनं तिच्यासाठी तो बाजूला ठेवला. तिचं मन कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. तरीही तिनं हा संसार मनापासून केला.

तीनच वर्षांत इटलीतल्या टॅरेंटम बंदराजवळ ऑक्टेव्हियन आणि अँटनी यांच्यात पुन्हा जुंपायची वेळ आली. अँटनी ३०० जहाजं घेऊन आला होता. गरोदर ऑक्टेव्हिया भावाकडे गेली. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो, तुमच्यातलं कोणीही जिंकलं तरी माझ्या वाट्याला दुःखच येणार, असं तिनं त्याला सांगितलं. युद्ध टळलं. शिवाय तिनं नवऱ्याकडून भावासाठी २० हलकी जहाजं मिळवली आणि भावाकडून नवऱ्यासाठी १,००० सैनिक.

पण अँटनी इजिप्तची राणी क्लिओपात्राकडे परतला. इ.स.पू. ३५ मध्ये ऑक्टेव्हिया त्याच्यासाठी निवडक २,००० सैनिक, त्यांचे कपडे, पैसा असं सगळं घेऊन निघाली. अथेन्समध्ये त्याचं पत्र हाती पडलं : तिथंच थांब. ती रोमला परतली. भाऊ भडकला. अँटनीच्या घरातून बाहेर पड, असं त्यानं बजावलं. ती हलली नाही. नवऱ्याच्या घरात राहून ती त्याच्या आधीच्या बायकोची, फुल्वियाची मुलंही आपल्या मुलांच्या बरोबरीनं वाढवत राहिली.

इ.स.पू. ३२ मध्ये अँटनीनं काडीमोड दिला आणि तिला घराबाहेर काढायला माणसं पाठवली. आपल्यामुळे युद्ध पेटलं असं लोक म्हणतील, या विचारानं ती रडत बाहेर पडली. बरोबर मुलं होती, सावत्रसुद्धा.

दोन वर्षांनी, ऑक्टेव्हियनशी झालेलं युद्ध हरल्यावर, अँटनी आणि क्लिओपात्रा, दोघांनीही जीव दिला. त्यांची मुलं रोमला आणली गेली, आणि त्यांनाही सांभाळलं ऑक्टेव्हियानंच. सवतीची लेक क्लिओपात्रा सेलेने तिच्याच घरात वाढली आणि पुढे उत्तर आफ्रिकेतल्या मॉरिटानिया या प्राचीन राज्याची राणी झाली.

ऑक्टेव्हियन आता सम्राट ऑगस्टस झाला होता. तिचा स्वतःचा, पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा मार्सेलस, ऑगस्टसचा जावई, इ.स.पू. २३ मध्ये ऐन विशीच्या उंबरठ्यावर गेला. त्यातून ती कधी सावरली नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगतो, मुलाचं एकही चित्र तिनं जवळ ठेवू दिलं नाही, त्याचं नावही कुणाला काढू दिलं नाही.

इ.स.पू. ११ मध्ये ती वारली. ऑगस्टस झालेल्या भावानं अंत्यविधीला स्वतः भाषण केलं. त्याला मुलगा नव्हता. अँटनीपासून झालेल्या तिच्या दोन मुलींच्या वंशातून मात्र रोमला पुढे तीन सम्राट मिळाले : नातू क्लॉडियस, आणि पणतू कॅलिग्युला व नीरो.