वीस खजुरी आणि सात हजार माणसं

मंडळी, आधीच सांगतो, मी साहित्यातला नाही आणि सिनेमातला तर नाहीच नाही. धुळ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली सबमर्सिबल यायची, जुनी तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारून वाळवायची. मार्च ते जून मला जेवायला फुरसत नसते. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार कोरडी चालते आणि जळते. लोकांचं पाणी आटलं की माझा धंदा तेजीत. अशा माणसाला ‘ड्यून’ या सिनेमावर बोलायला बोलावलं, तेव्हा जे होईल ते संयोजकांच्या माथी.

२२ ऑक्टोबर २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर राज्यातली थिएटरं त्या दिवशी उघडली, निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून. आणि त्याच शुक्रवारी हा सिनेमा आपल्याकडे लागला. धुळ्यात लागेल याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. रविवारी भाच्याला मागे बसवलं आणि मोटरसायकलवर गाठलं नाशिक. आत मास्क सक्तीचा.

पडद्यावर अराकिस नावाचा वाळूचा ग्रह. तिथली माणसं अंगभर एक पोशाख घालतात, स्टिलसूट. घाम, लघवी, श्वासातली वाफ, सगळं त्यात गोळा होतं, गाळलं जातं आणि मानेजवळच्या नळीतून पुन्हा पोटात जातं. नाकात नळ्या, म्हणजे श्वासही फुकट जायचा नाही. ते दृश्य चाललेलं आणि इकडे माझा मास्क आतून पार ओला झालेला. अडीच तास ते पाणी मी ओठांवर वागवत होतो, आणि मला किळस येत होती. समोरचा माणूस त्याच पाण्यावर दिवस काढत होता. भाच्याकडे पाहिलं, तर त्याने मास्क हनुवटीवर ओढून पॉपकॉर्न चालवलेलं!

त्या स्टिलसूटमधले पंप चालण्याने आणि श्वासाने चालतात. वीज नाही, स्टार्टर नाही, फ्यूज उडायचा नाही. माझ्यासारख्याला हे स्वप्नच. पण धंद्याची खोड जात नाही म्हणून सांगतो, तो पोशाख चालणार नाही. घाम अंग गार करतो तो उडून जाताना. ती वाफ आतल्या आत पुन्हा पाणी केली तर उष्णताही आतच राहणार, आणि माणूस कुकरमधल्या डाळीसारखा शिजणार. आपल्या मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर तो घालून उभं राहून बघा. (हशा) हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं, तरी मी तो सिनेमा महिन्याभरात तीनदा पाहिला.

कादंबरी फ्रँक हर्बर्टची, १९६५ची. वीसेक प्रकाशकांनी परत पाठवली. शेवटी छापली कोणी? चिल्टनने, मोटारगाड्यांच्या दुरुस्तीची पुस्तकं काढणाऱ्या कंपनीने! हे वाचलं त्या दिवशी दुकानातल्या पोरांना मी चहा पाजला. हर्बर्टला ही गोष्ट सुचली तीही गावातल्या रस्त्यांवर चढणाऱ्या वाळूवरून. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर सरकत्या टेकड्या गवत लावून थोपवत होते, ते बघायला हा १९५७ साली पत्रकार म्हणून गेला होता.

याआधी डेव्हिड लिंचने १९८४ साली यावर सिनेमा केला. त्याबद्दल थोडक्यात: पात्रं मनातल्या मनात सगळं समजावून सांगतात, आणि शेवटी नायक जिंकला म्हणून पाऊस पडतो. अरे भो, ज्या ग्रहावर पाणी हे वाळूत राहणाऱ्या महाकाय अळ्यांना विष आहे, तिथे पाऊस? आणि कुणी जिंकलं म्हणून पाऊस पडत असता तर आपल्याकडे दर निवडणुकीला पूर आला असता.

नव्या सिनेमाच्या दिग्दर्शकाने, दनी व्हिलनवने, समजावून सांगणं टाळलं, आणि मी त्याच्यावर फिदा आहे तो याच कारणाने. त्याचे दोन्ही भाग मिळून पाच तासांच्या वर जातात, पण ‘पाणी अमोल आहे’ असं भाषण कोणी देत नाही. वाळवंटातला सरदार स्टिलगार राजाला भेटायला येतो आणि त्याच्या टेबलावर थुंकतो. राजाची माणसं तलवारीला हात घालणार, तेवढ्यात एकजण उठतो आणि अंगातलं पाणी भेट दिलंत म्हणून आभार मानतो. संपलं. पुढे काही सांगायची गरज राहत नाही.

आणि तो माळी. राजवाड्याबाहेर वीस खजुरी, आणि भर उन्हात त्यांना पाणी घालणारा एक म्हातारा. तो राजाच्या पोराला सांगतो, एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं. वीस झाडं, शंभर जीव. मग काढून टाकू का, पोरगा विचारतो. म्हातारा घाबरूनच नको म्हणतो.

घरी येऊन मी वहीत हिशोब मांडला. ऐन उन्हाळ्यात केळीच्या एका खोडाला ठिबकवर रोज पंधरा-वीस लिटर लागतं. आपल्या उन्हात राबणाऱ्या माणसाला प्यायला पाच लिटर धरा. म्हणजे एक खोड, चार माणसं. एकरी साडेसतराशे खोडं. एक एकर म्हणजे सात हजार माणसं, मोठं गावच की! माझी सासुरवाडी रावेरची, केळीच्या मुलखातली आहे, त्यामुळे हा हिशोब मी घरी मोठ्याने वाचलेला नाही. आणि काढून टाकू का विचारलं, तर सासरेही त्या माळ्यासारखेच बघतील.

दुसऱ्या भागात, १ मार्च २०२४ला आला तो, डोंगराच्या पोटात एक टाकं आहे. मेलेल्यांच्या अंगातलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या साठवलेलं. तहानेने मरायची पाळी आली तरी कोणी त्याला हात लावत नाही. तिथे मला आजोबा आठवले. साक्री तालुक्यात पांझरेकाठी ते फडावर पाटकरी होते. आपली फडपद्धत तीनेकशे वर्षांची: नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली रान फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी देणारा पाटकरी, राखणारा जागल्या, वर हवालदार, आणि मेहनताना धान्यात. पाणी कमी असलं की कोणता फड पडीक ठेवायचा ते सगळे बसून ठरवत. एकदा भाऊबंदांपैकीच एकाने रात्री पाट फोडून पाणी वळवलं. आजोबा कंदील घेऊन गेले, तोंडातून शब्द न काढता फोडलेली जागा चिखलाने बुजवली आणि पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिले. त्याला एवढंच म्हणाले, “पानी कोना बापनं नही.”

आता तक्रार. मूळ पुस्तकात मेजवानीचा प्रसंग आहे. दाराशी पाण्याची भांडी. पाहुण्यांनी हात बुडवायचे, ओंजळभर पाणी फरशीवर सांडायचं, टॉवेलला हात पुसून तो त्या डबक्यात फेकायचा. बाहेर भिकारी उभे, टॉवेल पिळून निघेल ते पाणी घ्यायला. नवा राजा ती रीत मोडतो आणि म्हणतो, दारात येईल त्याला वाटीभर पाणी द्या. ही मेजवानीच सिनेमात नाही! सहा ऑस्कर मिळाली पहिल्या भागाला, ध्वनी, संगीत, छायाचित्रण, सगळ्याला. पण तो पिळलेला टॉवेल मला पाहिजे होता. गेल्या वैशाखात लग्नाच्या पंगतीला हात धुवायला ठेवलेला ड्रम कलंडला, मंडपात चिखल झाला आणि वऱ्हाडी हसले. मी एकटाच टेबलावरचा टॉवेल उचलून उभा राहिलो. बायको म्हणाली, “पुसायचं असेल तर पुसा, नाहीतर ठेवा तो.” मी पुसलं.

तिसरा भाग जाहीर झालाय. या वेळी मोटरसायकल नाही, गाडी काढतोय. अजून दोन जागा शिल्लक आहेत, आपापली पाण्याची बाटली आणायची.