खोक्यातलं जहाज

[दृश्य: टेबलावर पसरलेले प्लायचे तुकडे. कॅमेरा एका तुकड्यावर थांबतो.]

हा तुकडा बघा. 3 मिलिमीटर जाडीचा प्लाय, रुंदी जेमतेम 10 सेंटिमीटर, आणि त्यावर लेसरनं कोरलेला आकडा: 5. हा जहाजाच्या पोटात आडवा बसतो. जहाज बुडाशी गोल की निमुळतं, पाण्यात किती खोल बसणार, हे या तुकड्याच्या कडेवरून ठरतं.

हा तुकडा आहे घरी जुळवायच्या छोट्या लाकडी जहाजाच्या किटमधला. ज्या चित्रावरून हे किट तयार झालं, त्या चित्रात ही कड कुठेच दिसत नाही.

[दृश्य: अजिंठ्याची दरी, वाघूर नदीचा वळसा, लेणी क्रमांक 2 चं दार.]

मराठवाड्याला समुद्र नाही. पण भारतात जहाजाची जी मोजकी जुनी चित्रं शिल्लक आहेत, त्यातलं सगळ्यात नावाजलेलं चित्र इथे आहे, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात. गोष्ट पूर्ण-अवदान या बौद्ध कथेतली. पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी, पुढे भिक्षू झालेला. त्याचा भाऊ चंदनासाठी समुद्रापार जातो, वादळात सापडतो आणि पूर्ण त्याला वाचवतो. जहाजाला तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच आणि अरुंद शिडं, पुढे आणखी एक शीड. मागच्या बाजूला सुकाणूचं वल्हं, छपराखाली ओळीनं मांडलेले रांजण. आणि नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, रंगवलेला डोळा.

चित्रकाराला गोष्ट सांगायची होती. जहाजाची एक बाजू काढली, खाली पाणी रंगवलं, काम झालं. पाण्याखाली काय आहे याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. किट बनवणाऱ्याला अशी सूट मिळत नाही. पाच नंबरच्या तुकड्याला काहीतरी आकार द्यावाच लागतो, नाहीतर खोकं उघडणाऱ्या माणसाच्या हातात येणार काय?

परदेशी किटवाल्यांचं या बाबतीत बरं आहे. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांचे मूळ नकाशे ग्रीनिचच्या संग्रहालयात जपून ठेवलेत. एचएमएस व्हिक्टरीचं किट करायचं तर रेघा आयत्या मिळतात. आपल्याकडे चित्र आहे, नाणी आहेत. पैठणहून राज्य करणाऱ्या सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. पैठण आणि तेर इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा, असं एका ग्रीक खलाशानं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. समुद्राशी नातं जुनं आहे. पण नाण्यावरून बल्कहेडची, म्हणजे त्या पाच नंबरसारख्या आडव्या तुकड्याची, कड काढता येत नाही!

[दृश्य: चिकलठाणा एमआयडीसी. शटर वर जातं. आत लेसर मशीन.]

हे वर्कशॉप छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत आहे. शेजारी प्रेसचा दणदणाट, पलीकडे पावडर कोटिंग. डिझाइन करणारा तरुण मेकॅनिकल इंजिनिअर आहे, आधी गाड्यांच्या पार्टसाठी फिक्स्चर, म्हणजे पार्ट जागेवर पक्का धरणारे साचे, बनवायचा. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, आणि त्याच्या मागोमाग या शहरात जॉबवर्कवाल्यांची एक दुनियाच उभी राहिली. दशांश मिलिमीटरवरून भांडणारी माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात. जहाजाच्या किटला लागतात ती नेमकी हीच.

पाण्याखालचा आकार ठरवताना त्याला एक आधार मिळाला. अजिंठ्याच्या याच चित्रावरून नौदलानं एक खरं जहाज बांधून घेतलं, आयएनएसव्ही कौंडिण्य. मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतकडे निघालं. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या, खिळ्यांनी ठोकल्या नाहीत. नकाशा त्यांच्याकडेही नव्हता. आकार तर्कानं ठरवला, आणि आयआयटी मद्रासच्या तज्ज्ञांनी तो तपासला. म्हणजे तर्क करण्यात लाज नाही. तर्क केलाय हे सांगितलं म्हणजे झालं.

म्हणून या किटच्या पुस्तिकेत एक पान वेगळं आहे. जहाजाचं रेखाचित्र, दोन रंगांत. काळ्या रेघा चित्रात दिसतात त्या, तांबड्या रेघा तर्कानं काढलेल्या. पाण्याखालचा भाग सगळा तांबडा. मला विचाराल तर या किटमधली सगळ्यात मोलाची वस्तू हे पान आहे. बाजारात 'ऐतिहासिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या शोभेच्या जहाजांवर एकसुद्धा तांबडी रेघ नसते.

[दृश्य: लेसर प्लाय कापतोय. बारीक धूर.]

आता कामाची गोष्ट. स्केल आहे 1:64. वीस मीटरचं जहाज 31 सेंटिमीटरमध्ये बसतं, टीव्हीखालच्या कपाटावर मावेल एवढं. लेसरचा झोत जिथून जातो तिथलं साधारण 0.15 मिलिमीटर लाकूड जळून जातं. नकाशात खाच 3 मिलिमीटरची काढली तर कापल्यावर ती मोठी होते, तुकडा खुळखुळतो. म्हणून खाच आधीच बारीक काढायची. पण किती बारीक? दुकानदार ज्याला 3 मिलिमीटरचा प्लाय म्हणतो, तो कधी 2.8 भरतो, कधी 3.2. त्यामुळे इथे प्रत्येक शीट आली की व्हर्निअर लावून चार ठिकाणी मोजतात, आकडा पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहितात आणि त्या शीटपुरती फाइल बदलतात. कंटाळवाणं काम आहे. ते टाळलं तर महिनाभरानं गिऱ्हाइकाचा फोन येतो.

त्यात हवा. मे महिन्यात इथे पारा 42 वर जातो, लाकूड पापडासारखं कोरडं होतं. तेच किट जुलैत रत्नागिरीला उघडलं की पट्ट्या आडव्या अंगानं फुगतात. लांबीत लाकूड फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. म्हणून पट्ट्या कापून लगेच खोक्यात भरत नाहीत. आधी त्यांना मोकळ्या हवेत मुरू देतात.

लाकडाची निवड सुतारमामांची. मामा मूळचे किनवटकडचे, सागवानाच्या जंगलाजवळचे. पोरांना वाटलं होतं, जहाज म्हणजे सागच. मुंबईत वाडियांनी बांधलेलं, 1817 साली पाण्यात उतरलेलं सागवानी एचएमएस ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात तरंगतंय. पण मामांनी सागाची पट्टी हातात घेतली आणि बाजूला ठेवली.

"हे मोठ्या कामाचं लाकूड आहे बाबा. याची रेघ बघ केवढी. एवढ्याशा जहाजावर ही रेघ म्हणजे भिंतीला तडा गेल्यागत दिसंल."

बरोबर आहे. लहान प्रतिकृतीत लाकडाचे रेषे आणि छिद्रंसुद्धा लहान लागतात. सागात तेलाचा अंश असतो, गोंद नीट धरत नाही, आणि हत्यारांची धार लवकर जाते. मग हेदू निवडलं. पिवळसर, घट्ट, बारीक रेषांचं.

[दृश्य: सांगाड्यावर पहिली पट्टी बसवताना. हात जवळून.]

इथे थोडं थांबूया, कारण बहुतेक हौशी मंडळी इथेच हार मानतात. जहाज मध्ये फुगीर, टोकांना निमुळतं. मधल्या बल्कहेडवर कण्यापासून काठापर्यंत टेप टेकवून मोजलं तर 90 मिलिमीटर भरतात. नाळेजवळ मोजा, 54. पट्ट्या मात्र दोन्हीकडे तेवढ्याच, अठरा. म्हणजे मध्ये 5 मिलिमीटरची पट्टी नाळेपाशी 3 मिलिमीटरचीच हवी. प्रत्येक पट्टी रंध्यानं उतरती करावी लागते. न करता रेटून बसवली तर ती एका काठावर उचलते आणि पुढच्या सगळ्या पट्ट्यांचं गणित बिघडवते. रुंदी निम्म्याच्या खाली मात्र जाऊ द्यायची नाही. तशी वेळ आली तर एक पट्टी मध्येच संपवायची आणि शेजारचीला जागा द्यायची.

"मामा, ही बसंना."

"बसंल की. दाबायलास कशाला? भिजव आधी."

पट्टी कोमट पाण्यात ठेवायची, मग गरम सोल्डरिंग आयर्नच्या दांड्यावरून हलक्या हातानं फिरवायची. लाकूड वळतं. चिमटे लावून वाळू द्यायची, आणि मगच फेव्हिकॉल. त्याआधी बल्कहेडच्या कडेवरची लेसरची काजळी पॉलिश पेपरनं काढायची. जळक्या कडेला गोंद धरत नाही.

यात एक उलटेपणा आहे. शिवून बांधलेल्या खऱ्या जहाजात आधी फळ्या एकमेकींना शिवून बाहेरचं कवच उभं करतात, आतला सांगाडा नंतर बसवतात. किटमध्ये सांगाडा आधी. हौशी माणसाला रिकाम्या हवेत आकार धरून ठेवता येत नाही, म्हणून ही तडजोड. पुस्तिकेत तीही लिहिली आहे.

टाक्यांचं काय? सगळे टाके घालायला सांगितले तर खोकं माळ्यावर जाईल. म्हणून वरच्या चार पट्ट्यांना खरी भोकं पाडलीत, त्यांतून दोरा ओवायचा. खाली टाक्यांच्या नुसत्या खुणा कोरलेल्या.

[दृश्य: दोऱ्याला पीळ देणारं छोटं यंत्र. एक बाई ते फिरवतेय.]

दोरा बाजारचा नाही. खऱ्या जहाजावरचा 32 मिलिमीटरचा दोर इथे अर्धा मिलिमीटर होतो, आणि शिलाईचा दोरा लावला की तो शिलाईचाच दिसतो. म्हणून तीन धागे घेऊन दोर वळतात. हे काम ज्या ताई करतात त्या पैठणच्या, रेशीम हाताळण्यात हयात गेलेली. पीळ कमी पडला की दोर उसवतो, जास्त झाला की स्वतःभोवतीच गुंडाळतो. किती फेरे, असं विचारलं तर ताई म्हणाल्या, "मोजत नाही भाऊ, बोटाला कळतं." मग इंजिनिअरनं शेजारी बसून त्यांचे फेरे मोजले, आणि यंत्राला काउंटर लावला. ताई काउंटरकडे बघत नाहीत.

[दृश्य: खोकं भरणं. पट्ट्यांची जुडी, दोऱ्यांची रिळं, पुस्तिका.]

खोक्यात दोन पट्ट्या जास्तीच्या टाकतात, डोळे दोन देतात. चित्रात एकच दिसतो, दुसऱ्या बाजूचा अर्थातच तांबड्या यादीत.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती गुराबेची. शिवरायांच्या आरमाराचं जहाज हवं, असं लोक फोनवर हक्कानं सांगतात. चित्रं आणि वर्णनं आहेत, पण बांधणीचे नकाशे तिचेही नाहीत. नाळ सखल, आणि त्यावरून पुढे तोंड करून डागायच्या तोफा, एवढं पक्कं. त्या तोफांचा धक्का सोसायला पुढच्या डेकखाली तुळया किती आणि कुठे, यावर गेले काही आठवडे मामा आणि इंजिनिअरचं जुंपलंय. मामा म्हणतात चार. फाइलमध्ये सध्या तीन आहेत, तांबड्या रंगात.