नेट गेलं म्हणजे काय गेलं?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते ‘नेट गेलं’ या आपल्या लाडक्या तक्रारीबद्दल.

आमच्या गिरगावच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक काकू राहतात. विजेचं बिल भरायची शेवटची तारीख. (शेवटच्या तारखेआधी बिल भरणं आपल्याला कमीपणाचं का वाटतं, देव जाणे. पूर्वी त्यासाठी भर उन्हात रांगेत उभे राहायचो, आता मोबाइलवर फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसतो.) तर काकूंच्या मोबाइलवर ते गोल चक्र फिरत राहिलं. काकूंनी गॅलरीतून पुकारा केला, “नेट गेलं!” केबलवाल्याचा पोरगा धावत आला. गच्चीवर जाऊन वायर बघून आला, फ्रिजमागे कोंबलेला राउटर ओढून बंद-चालू केला. दिवे हिरवेगार, चक्र तसंच. काकू कडाडल्या, “पैसे मात्र एक तारखेला बरोबर मागता रे!” तेवढ्यात ठाण्याहून जावयाचा व्हिडिओ कॉल. काकू तावातावाने सांगतायत, “अहो जावईबापू, सकाळपासून नेट नाही आमच्याकडे!” जावई शांतपणे म्हणाला, “आई, मग मी तुम्हाला दिसतोय कसा?” पोरगा जिन्यात बसून पोट धरून हसत होता. बंद पडली होती ती फक्त बिलाची वेबसाइट.

तर श्रोतेहो, इंटरनेट वेगळं, वेब वेगळं, वायफाय वेगळं. इंटरनेट म्हणजे जगभरातले कॉम्प्युटर जोडणारं जाळं. त्याच्या समुद्राखालून येणाऱ्या केबल आपल्या वर्सोव्यालाही किनाऱ्याला लागतात. आपल्याकडे ते सर्वसामान्यांसाठी खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ला. वेब म्हणजे त्या जाळ्यावरच्या वेबसाइटी. ही कल्पना ब्रिटिश संगणकतज्ज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये मांडली. ईमेल तर वेबहूनही जुनं. आणि वायफाय? राउटरपासून तुमच्या मोबाइलपर्यंत, बस्स, तेवढंच. म्हणून राउटर फ्रिजमागे ठेवू नका, आणि त्यावर विणलेला रुमाल तर मुळीच घालू नका.

पुन्हा सांगतो: इंटरनेट वेगळं, वेब वेगळं, वायफाय वेगळं. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लुकलुकत असेल, तर “लाइन गेली” म्हणा. दिवे हिरवे, पण आतल्या खोलीतच अडतंय, तर “वायफाय पोचत नाही” म्हणा. बाकी सगळं चालू आणि एकच साइट उघडत नसेल, तर तिचं नाव घ्या आणि तासाभराने बघा. केबलवाल्याच्या पोराला उगाच गच्चीवर चढवू नका.