कानात सुई न टोचता

नमस्कार श्रोतेहो. कानावर छोटे उपचार करताना सुई न टोचता कान बधीर कसा करायचा, त्याबद्दल आज बोलू.

कानात काही गेलं की काही जणांना ठसका लागतो. घशात काही नसतं, तरी खोकला येतो. ही वेगस मज्जातंतूची करामत. त्याची एक बारीक फांदी कानाच्या नळीला येते, आणि तोच मज्जातंतू घशाकडेही जातो. जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या या बोळकांडीत असे तीन-चार मज्जातंतू वेगवेगळ्या बाजूंनी शिरतात. त्यामुळे एका ठिकाणी सुई टोचली आणि सगळा कान बधीर झाला, असं होत नाही.

त्यात आतली त्वचा कागदासारखी पातळ आणि थेट हाडाला चिकटलेली. खाली चरबी नाही, त्यामुळे टोचलेल्या औषधाला पसरायला जागाच मिळत नाही. ते त्वचा हाडापासून उचलतं, आणि ते फार दुखतं. आणि उपचारासाठी कानाच्या पडद्याला बारीक छेद द्यायला लागतात एक-दोन सेकंद. म्हणजे दुखू नये म्हणून दिलेली सुईच जास्त दुखायची!

पडद्याची जाडी मिलिमीटरच्या एक दशांशाइतकी. मग वरून थेंब टाकले की काम झालं, असं वाटेल. पण त्याचा बाहेरचा थर शेवटी त्वचाच, पाण्याला दाद न देणारी. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं नुसतं पाणी टाकून फारसं काही होत नाही.

जुना उपाय फिनॉलचा. सळईच्या टोकावर अगदी कणभर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकातून बघत छेदाच्या जागी टेकवायचं. खडूनं टिंब द्यावं तसा तेवढाच भाग पांढरा होतो. क्षणभर चुरचुरतं, मग ती जागा बधिर. छेद त्या पांढऱ्या टिंबातच द्यायचा. मात्र हे जाळणारं रसायन आहे, थेंब ओघळला तर नळीची त्वचा भाजते. हात स्थिर हवा, आणि पेशंटही. म्हणून लहान मुलांना मी ते लावत नाही.

दुसरं मलम. त्यात लिडोकेन आणि प्रिलोकेन, प्रत्येकी अडीच टक्के. गंमत अशी की दोन्ही औषधं वेगवेगळी असताना घनरूप, एकत्र केली की तेलासारखी पातळ होतात आणि त्वचेत मुरतात. कानाच्या पाळीवर वरून पट्टी लावून तासभर ठेवलं की काम होतं. नळीत वापरायचं तर पडदा पूर्ण शाबूत हवा, आणि छेद देण्याआधी मलमाचा कण न् कण ओढून काढायला हवा. ते पडद्यापलीकडे गेलं तर आतल्या कानाला इजा होऊ शकते.

तिसरी युक्ती विजेची. लिडोकेनच्या कणांवर धन भार असतो. कानात औषध भरून त्यात धन टोक ठेवायचं, दुसरं टोक अंगावर चिकटवायचं आणि अगदी सौम्य प्रवाह सोडायचा. सारखा भार एकमेकांना ढकलतो, तसं औषध पडद्यात ढकललं जातं. साधारण दहा मिनिटं पुरतात. अमेरिकेत २०१९ साली सहा महिन्यांवरच्या मुलांच्या कानाच्या पडद्यात बारीकशी नळी बसवण्यासाठी अशा एका उपकरणाला मंजुरी मिळाली. एरवी त्यासाठी मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते. तरी दहा मिनिटं कानात बोळा सहन करणारं मूल हवं, हे आई-बाबांना आधीच सांगावं लागतं.

दाबाच्या फवाऱ्यानं औषध त्वचेत घुसवणारी साधनंही आहेत. पाळीला ठीक. पण कानाशेजारी तो फट् आवाज मला काही पटत नाही.

पडद्याला भोक असेल, कधी कान वाहिला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगाच. भोकातून औषध आत झिरपलं तर तोल सांभाळणारा भाग बधिर होतो. खोली गरगर फिरते, उलट्या होतात, आणि हे काही तास चालतं. बहुधा आपोआप ओसरतं, पण ते तास फार वाईट जातात.

आणि एक. कान बधिर झाला तरी बहिरा होत नाही. मळ ओढणारी नळी आत गेली की वादळ घुसल्यासारखा आवाज येतो. दुखत नसूनही माणूस दचकतो, म्हणून मी आधी ती नळी बाहेरच चालू करून ऐकवतो. थेंब टाकायचे असतील तर बाटली दोन-चार मिनिटं मुठीत धरून बसतो. गार थेंबानंही चक्कर येते, आणि मग पेशंट भुलीला दोष देतो.