आकाशातलं की आपलंच?

(अंधारं आकाश. तेजस्वी ठिपक्यांची रांग सावकाश सरकते. मोबाइलवर टिपलेलं, हलणारं चित्रण.)

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमाराला विदर्भातली माणसं अंगणात, गच्चीवर उभी राहून वर बघत होती. एकामागोमाग एक जळते ठिपके, प्रत्येकाला लांब शेपूट, आणि सगळं कसं निवांत चाललेलं. बघता बघता फोन खणखणू लागले. उल्का, क्षेपणास्त्र, पेटलेलं विमान... ज्याला जे सुचलं ते.

चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत मात्र पुरावाच खाली आला. सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तसंच दिसणारं, पण चाकाच्या दुप्पट. जवळच्या पवनपारला धातूचा एक गोळाही सापडला.

आता त्या ‘निवांत’ शब्दाकडे जरा परत जाऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते. ‘ती बघ’ म्हणेपर्यंत विझलेली असते. पृथ्वीभोवती फिरत फिरत खाली आलेली वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवी येते. ती तुटते, तुकडे एकाच वाटेने रांगेत चालतात, आणि आपल्याला शेजाऱ्याला हाक मारून बोलवायला वेळ मिळतो. म्हणजे ज्यांनी ते दृश्य आरामात मोबाइलवर टिपलं, त्यांच्या चित्रणातच अर्धं उत्तर होतं.

उरलेलं अर्धं मिळायला थोडी चुकामूक झाली. त्याच दिवशी न्यूझीलंडहून एक रॉकेट सुटलं होतं, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर गेला. मग हार्वर्ड-स्मिथसोनियनचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग जुळवून दुसरं नाव पुढे केलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा. वर्षभर घिरट्या घालून तो नेमका पाडव्याला आपल्याकडे उतरला. संशय घेणाऱ्यांचाही पहिला नेम चुकतो, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.

(सूर्याचं चित्र. मागे संथ, घुमणारा आवाज.)

वस्तूचं बरं असतं, ती हाताला लागते. आवाजाचं काय करायचं? सूर्यातून ‘ॐ’ ऐकू येतो आणि तो म्हणे नासाने रेकॉर्ड केलाय, हा व्हिडिओ तुमच्या घरच्या ग्रुपवर आला नसेल, तर तुमचा ग्रुप फार शिस्तीचा असला पाहिजे. आमच्याकडे तो दर वर्षी येतो. एकदा तर रथसप्तमीला आला.

सूर्य आणि आपण, मध्ये पंधरा कोटी किलोमीटरची जवळजवळ पोकळी. तिथून ध्वनी इथवर पोचायला वाटच नाही. पण म्हणून सूर्य गप्प आहे असंही नाही. त्याचा पृष्ठभाग थरथरत असतो, साधारण पाच मिनिटांत एक हेलकावा. सोहो या अवकाशयानाने ती थरथर मोजली, आणि संशोधकांनी चाळीस दिवसांच्या नोंदी ४२,००० पट वेगाने पळवल्या, तेव्हा कुठे कानाला कळेल असा एक गुणगुणाट निघाला. मोजमाप खरं, आवाज घडवलेला. त्यात कोणाला ॐ ऐकू येत असेल तर येवो, पण तो सूर्याने म्हटलेला नाही आणि नासाने टेप केलेला नाही.

पर्सियस दीर्घिकासमूहाची (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखं ताऱ्यांचं कुटुंब) गोष्ट याहून मजेची. तिथे मधल्या कृष्णविवराच्या हालचालीमुळे आजूबाजूच्या तप्त वायूत खरोखरच दाबाच्या लहरी उठतात. २००३ मध्ये त्यांचा स्वर सांगितला गेला. पेटी वाजवणाऱ्यांना चटकन कळेल, ती काळी पाच आहे. फक्त मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तकं खाली! एक लहर पुरी व्हायला ९६ लाख वर्षं. २०२२ मध्ये नासाने तो स्वर तितकाच वर उचलून ऐकवला, तेव्हा जगभर लोक दचकले, ‘नरकातला आवाज’ म्हणू लागले. ५७ सप्तकं खेचल्यावर भजनाचा आवाज तरी कसा येईल, कोण जाणे.

आणि कधी आवाज अगदी कानाशी येतो. ऑक्टोबर २००३. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई एकटे यानात होते आणि त्यांना ठोठावल्यासारखं ऐकू येत होतं. लोखंडी बादलीवर लाकडी हातोडा मारावा तसं. खिडकीतून पाहिलं, कोणी नाही. २०१६ मध्ये त्यांनी हे जाहीर सांगितलं आणि ‘अवकाशात दार कोण वाजवतंय’ अशा बातम्या झाल्या. पुढे चीनकडून आलेला खुलासा साधा होता. दाब बदलला की यानाची आतली भिंत किंचित वाकते, आणि वाजते. पत्र्याच्या घरात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ऊन कलल्यावर पत्रा असा टकटक करतो, की पाहुणा नवीन असेल तर उठून दार उघडतो.

(ऑस्ट्रेलिया. मेंढ्यांची कुरणं. मधोमध प्रचंड पांढरी डिश.)

पण मला तुम्हाला खरं तर इथे आणायचं होतं. न्यू साउथ वेल्समधली पार्क्स रेडिओ दुर्बीण. १९६१ पासून उभी आहे. डिशचा व्यास ६४ मीटर. माणूस चंद्रावर चालला ती दृश्यं १९६९ मध्ये जगाला दाखवण्यात हिचा हात होता.

२००७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डंकन लॉरिमर आणि सहकाऱ्यांनी हिच्या जुन्या नोंदींत, २००१ सालच्या, रेडिओ लहरींचा एक कडाडणारा ठोका शोधला. पाच मिलिसेकंदांपेक्षाही लहान. त्याच्या वरच्या कंप्रता (जास्त वेगाने कंप पावणाऱ्या लहरी) आधी आल्या, खालच्या मागाहून. वाटेत विखुरलेले इलेक्ट्रॉन खालच्या कंप्रतांना जास्त रखडवतात. जितकी रखडपट्टी मोठी, तितकी वाट लांबची. इथे ती इतकी होती की ठोका आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ पलीकडून आला असणार, असं म्हणणं भाग होतं.

एकच ठोका. परत आला नाही. विश्वास ठेवायचा कसा?

मग २०११ मध्ये सारा बर्क-स्पोलाओर यांनी त्याच दुर्बिणीच्या नोंदी चाळून तसेच दिसणारे सोळा ठोके काढले. आनंदाची बातमी? छे, उलट. पार्क्सच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राला जणू तेरा डोळे होते, आकाशात शेजारी शेजारी रोखलेले. दूरचा ठोका एखाद-दोन डोळ्यांना दिसावा. हे सोळा मात्र तेराही डोळ्यांना एकदम दिसत होते. म्हणजे काहीतरी अगदी जवळचं, कुठून तरी आडून शिरणारं. त्यांना नाव दिलं गेलं पेरिटॉन, पंख असलेल्या एका कल्पित हरणाचं. दिसायला एक आणि सावली भलत्याचीच पडते, असा तो प्राणी.

आता सगळीच पंचाईत. पेरिटॉन पृथ्वीवरचे असतील, तर लॉरिमरचा ठोका तरी आकाशातला कशावरून? कोणी विजांवर शंका घेतली, कोणी वातावरणावर. वर्षं गेली.

डिसेंबर २०१४ मध्ये आवारात नवं यंत्र बसलं, आसपासचा रेडिओ-गोंगाट टिपणारं. जानेवारीत तीन पेरिटॉन आले, आणि तिन्ही वेळा त्या यंत्राने २.४ गिगाहर्ट्झवर खळबळ नोंदली. एमिली पेट्रॉफ तेव्हा पीएचडी करत होत्या. त्यांनी जुन्या नोंदींच्या वेळा पाहिल्या, तर हे पेरिटॉन कामाच्या वेळेत यायचे, तेही बहुतेक आठवड्याच्या कामाच्या दिवशी. विश्वातली कुठली शक्ती शनिवार-रविवार सुट्टी घेते? आणि २.४ गिगाहर्ट्झ हे तर तुमच्या-आमच्या ओट्यावर असतं.

(क्लोज-अप: चिनी मातीचा मग, पाण्याने भरलेला. मायक्रोवेव्हचं दार बंद होतं.)

चाचण्या सुरू झाल्या. मगात पाणी, मायक्रोवेव्ह सुरू, डिश वर. पहिल्या फेरीत गूढ सुटलं नाही, कारण सगळे गुणी बाळासारखे घंटी वाजेपर्यंत थांबत होते. तसं खऱ्या आयुष्यात कोण थांबतं? १७ मार्च २०१५ रोजी मायक्रोवेव्ह चालू असतानाच दार ओढून उघडलं. पेरिटॉन! परत उघडलं. परत पेरिटॉन!

दार उघडताच आतला, लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन बंद पडतो, पण बंद पडता पडता क्षणभर त्याची कंप्रता घसरते आणि १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास एक हुंकार निसटतो. डिश त्या वेळी योग्य कोनात असेल, तर थेट तिच्या कानात. चार वर्षं शास्त्रज्ञांना चकवणारं ते कोडं म्हणजे भुकेल्या माणसाची घाई होती.

ही गोष्ट हसण्यावारी नेऊन ‘बघा, सगळं थोतांड’ म्हणणारे भेटतात. मला त्यांचं आणि ॐ वाल्यांचं नातं जवळचं वाटतं, दोघांनाही मगात पाणी भरायचा कंटाळा. कारण पेट्रॉफ यांनी या शोधावरच्याच लेखात पुढे दाखवलं, की लॉरिमरच्या ठोक्याचं वागणं या पेरिटॉनसारखं नाही. मायक्रोवेव्ह बाजूला काढल्यावरही तो उरला. २०१७ मध्ये तशाच दुसऱ्या एका स्रोताचा पत्ता लागला, सुमारे तीन अब्ज प्रकाशवर्षांवरच्या छोट्या दीर्घिकेत.

(पहाट. नारायणगावजवळ खोडद. टोमॅटोचे मळे, मागे जाळीदार डिश.)

पुणे जिल्ह्यात, खोडद गावी जीएमआरटी ही आपली रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटरच्या तीस डिश, पार पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडताना एक गोष्ट पाहिली होती, इथे रेडिओ-गोंगाट कमी आहे. आता मोबाइल आले, विजेच्या तारांवर ठिणग्या उडतात, त्यांचाही आवाज डिशला येतो. त्यामुळे इथली माणसं आकाशाइतकंच आजूबाजूच्या खांबांकडेही लक्ष ठेवून असतात.

सगळा गावचा आवाज वजा करून, २०२० मध्ये याच दुर्बिणीने सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका स्रोताचे पंधरा ठोके टिपले. हा स्रोत साधारण सव्वासोळा दिवसांच्या चक्राने चालतो. काही दिवस ठोके, मग शांतता, मग पुन्हा ठोके. वारांशी त्याचा संबंध नाही, जेवणाच्या सुट्टीशी नाही. कोणी म्हणतं तो दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरतोय, कोणी म्हणतं भोवऱ्यासारखा डुलतोय. वाद चालू आहे.

(डिश हळूहळू वळते. मळ्यात मोटार सुरू झाल्याचा आवाज.)