हाफवे होम: अर्ध्या वाटेवरचं घर

नमस्कार श्रोतेहो.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्याकडची ही जुनी सरकारी मनोरुग्णालयं. तिथे अशीही माणसं असतात, ज्यांचा आजार केव्हाच आटोक्यात आलाय, पण न्यायला कुणी येत नाही. घरी पाठवलेलं पत्र परत येतं.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 19 सांगतं, की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. मग जायचं कुठे? हाफवे होम त्यासाठी. काही महिने राहायचं आणि संसाराची मोडलेली सवय पुन्हा लावून घ्यायची.

सवय म्हणजे बारीकसारीकच. बारा-पंधरा वर्षं चहा आयता मिळालेल्या बाईचा हात गॅस पेटवताना थरथरतो. बाजारात जावं, तर भाजीवालीच्या गाडीवर क्यूआर कोड. ती आत गेली तेव्हा हे नव्हतंच! गोळ्या आपल्या आपण लक्षात ठेवायच्या, रात्री दिवा आपण मालवायचा. हे वॉर्डात राहून येत नाही.

पण या घरांतली खोटही सांगायला हवी. पुढची वाट नसेल, तर सहा महिन्यांसाठी आलेला माणूस सहा वर्षं तिथेच राहतो. इमारत गावाबाहेर, फाटकाला कुलूप, सकाळ-संध्याकाळ हजेरी. पाटी बदलली, वॉर्ड तोच. मनोरुग्णालयातल्या लोकांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये आपल्या राज्याला सुनावलं होतं, ते उगीच नव्हे.

आणि शेजारी? सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘‘आमच्याच बिल्डिंगमध्ये कशाला?’’ या भीतीला मी हसणार नाही. रात्री दोन वाजता कुणी ओरडायला लागलं, तर फोन कुणाला करायचा, हे विचारणं रास्तच आहे. संस्थेने नंबर द्यावा, आणि तो रात्री दोनलाही उचलावा. मात्र प्रत्येकाचा आजार सेक्रेटरीला कळवा, ही मागणी मला मान्य नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे आपण विचारतो का?

मला जास्त पटते ती चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेची ‘होम अगेन’ ही रीत. भाड्याचं साधं घर, चार-पाच जणी, सोबत एक मदतनीस आणि निघून जाण्याची मुदत नाही. म्हणजे अर्धी वाट नाहीच, थेट मुक्काम. पैसा लागतो, घरमालक तयार व्हावा लागतो, आणि त्यातच पुष्कळ दिवस जातात.

घर मिळालं, की यथावकाश भांडणंही होतातच. आमटीत गूळ घालायचा की नाही, एवढ्यावरूनसुद्धा. वॉर्डात त्यावर भांडायची सोय नव्हती.

नमस्कार.